आम्लात गेलेला तुकडा

मास्तर कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. ते हाडं मऊ करायचे. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे जिथं तपासायला येतात त्या लॅबमध्ये, एकतीस वर्षं त्यांनी हे एकच काम जीव लावून केलं. येईल त्या नवीन माणसाला ते शिकवलं, म्हणून मास्तर हे नाव पडलं. मी त्यांच्या हाताखाली नव्हते, शेजारच्या टेबलावर होते. दुसऱ्या लॅबमध्ये बारा वर्षं काढून, डोक्यात चार पांढरे केस घेऊन मी तिथं रुजू झाले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुणीतरी म्हणेल, बिचारी नवशिकी होती, तिला काय कळणार. मला सगळं कळत होतं.

आमचं काम असं. मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यानं त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. हाडाचं तसं करता येत नाही. पातं बोथट होतं आणि हाडाचा भुगा होतो. म्हणून हाडातलं कॅल्शियम आधी काढून टाकावं लागतं. त्याचे दोन रस्ते. एक आम्लाचा: सकाळी तुकडा टाकला की संध्याकाळी मऊ. दुसरं एक सौम्य द्रावण असतं, ते कॅल्शियम हळूहळू ओढून घेतं, त्याला चार दिवस लागतात, कधी आठ. नुसतं भिंगाखाली बघायचं असेल तर आम्ल चालतं. पण पेशींच्या आतला डीएनए वाचायचा असेल तर आम्ल अजिबात चालत नाही, कारण ते कॅल्शियमबरोबर डीएनएच्याही चिंध्या करतं. कुठला तुकडा कुठल्या रस्त्यानं न्यायचा ते सोबतच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं.

आणि मास्तर फॉर्म वाचत नसत.

त्यांना त्याची गरज वाटत नसे. बाटली उजेडात धरायची, तुकडा चिमट्यानं उचलायचा, टाचणीनं टोचून बघायचा आणि सांगायचं, "उद्या दुपारी." उद्या दुपारी तो तुकडा लोण्यासारखा कापला जायचा. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नव्हता. आम्लानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची पिवळी झाली होती. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना कणकेला हात लावू देत नसत. "हाडं मळा तुमची," म्हणायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघंच होते, आणि रोज संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जात, बहुतेक वेळा भांडत.

ते माणूस म्हणून सोन्यासारखे होते, हे मला कबूल करावंच लागेल, आणि करताना जड जातं. आमच्या खिडकीवर नातेवाईक रिपोर्ट विचारायला येत. बाकी सगळे आतूनच ओरडत, "झाला नाही अजून!" मास्तर उठून खिडकीपाशी जात, खुर्ची पुढं करत, कुठल्या दिवशी मिळेल ते सांगत, आणि त्या दिवशी तो मिळत असे. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी माझ्या वाटची कामं दोन आठवडे न बोलता केली होती. पण त्यांना थट्टेची खोड होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थट्टेचा विषय बहुतेक वेळा मीच असे. मी प्रत्येक फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचायची, शंका आली तर वॉर्डात फोन लावायची. त्यांना त्याचं भारी हसू यायचं.

एका सोमवारी शिकायला आलेल्या चार मुली, झाडूवाल्या मावशी आणि आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, असे सगळे हजर असताना मी एक फॉर्म दुसऱ्यांदा वाचत होते. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "बाई, कागद वाचून हाड मऊ होत नसतं. वाचायचीच एवढी हौस होती तर ग्रंथालयात का नाही लागलात?"

मुली खिदळल्या. मॅडमही हसल्या. मीही हसले, आणि आतून अशी पेटले की दिवसभर घास गिळेना. एवढ्याशा गोष्टीवरून! पण राग गोष्टीच्या मापानं येत नसतो.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी गवंडीकाकांचा तुकडा आला. तेव्हा ते माझ्या लेखी गवंडीकाका नव्हते, एक नंबर होते. वय अडुसष्ट. प्रोस्टेटचा कॅन्सर अकरा वर्षांपूर्वी झालेला, उपचार होऊन मिटलेला, आता कंबरेच्या हाडात परत दिसलेला. जाड सुई घालून हाडातून काढलेली काडी, पेन्सिलीच्या शिसाएवढी. खाली लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेलं: "जनुक तपासणीसाठी. आम्ल वापरू नये."

नोंद करताना मी ते वाचलं. बाटली हाडांच्या टेबलावर ठेवली, फॉर्म तिच्याखाली ठेवला. मास्तर आले, बाटली उचलली, उजेडात धरली, टाचणी टोचली. "दगड आहे, दगड," म्हणाले, आणि आम्लाच्या बरणीकडे हात नेला.

मी दोन हातांवर होते. तोंडाशी शब्द आले होते: मास्तर, थांबा. आणि मग दुसरा विचार आला, तो मी जसा आला तसा लिहिते, कारण आता लपवून काय करायचं. मनात म्हटलं, घाला. घाला मास्तर. एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडा, म्हणजे कळेल कागद कशाला वाचायचा ते.

आम्ल पडलं. तुकड्यातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं तर तुकडा धुऊन वाचवता आला असता. बहुतेक अर्ध्या तासातही. मी घड्याळ बघत होते, म्हणून मला माहीत आहे. जेवायच्या सुट्टीत मास्तरांनी डब्यातलं अर्धं माझ्या ताटलीत वाढलं, म्हणाले, "सोमवारी जरा जास्तच बोललो बाई, मनावर घेऊ नका." तेव्हा तरी सांगायचं! मी म्हटलं, "छे हो, मनावर काय घ्यायचं," आणि जेवले. बाटली आमच्या मागं टेबलावर होती. त्या सगळ्या वेळात त्या बाटलीच्या पलीकडं एक माणूस आहे, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त मास्तर होते.

साध्या तपासणीत निदान पक्कं झालं. कॅन्सर प्रोस्टेटमधूनच हाडात आलेला. उरलेला तुकडा जनुक तपासणीसाठी बाहेरच्या लॅबमध्ये गेला. तीन आठवड्यांनी तिथून फोन आला, मास्तरांनीच उचलला. तिकडच्या माणसानं विचारलं, हाड कशात मऊ केलं होतं? मास्तर नेहमीच्या ऐटीत म्हणाले, "आम्लात. का?" मग तिकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवला, फाइल काढली, चष्मा लावला आणि तो फॉर्म वाचला. एकदा वाचला, मग परत वाचला.

हाच क्षण मला बघायचा होता. बघितला. काडीचंही सुख झालं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी प्रकरण शांतपणे मिटवलं. रिपोर्टवर लिहिलं, "नमुना तपासणीस अपुरा. नवीन नमुना पाठवावा." मास्तर म्हणाले, "मॅडम, अपुरा नव्हता. मी घालवला." मॅडम म्हणाल्या, "ते आपल्यात. कागदावर एवढंच जाईल." मी तिथंच उभी होते, मूग गिळून.

चार दिवसांनी खिडकीवर एक उंच, रुंद हाडापेराचा म्हातारा काठी टेकत आला, सोबत त्याची लेक. तीन मजले जिना उतरून, कारण लिफ्ट बंद होती. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, तळहात सिमेंटनं तडकलेले.

"आमचा नमुना अपुरा निघाला म्हणे," तो म्हणाला. "म्हटलं, स्वतः जाऊन विचारावं. परत द्यायचा तर यावेळी कमी पडायला नको."

लेक म्हणाली, "बाबांना उगाच वाटतंय की त्यांचंच काहीतरी चुकलं. सुई घालताना ते हलले होते थोडेसे."

"हललोच होतो," गवंडीकाका म्हणाले. "दुखलं हो फार. नाही राहवलं. माफ करा, तुमचंही काम वाढवलं."

मास्तरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी खिडकीशेजारचं दार उघडलं आणि बाहेरच्या माणसाला कधी नेत नाहीत तिथं, आत, दोघांना नेलं. आमच्याकडे एकाच वेळी दोघांना बघता येईल असं एक भिंग होतं, शिकवायला. मास्तरांनी गवंडीकाकांना त्याच्यापुढं बसवलं, त्यांचीच काच लावली.

"हे तुमचं हाड," मास्तर म्हणाले. "बघा, काही कमी नव्हतं. भरपूर होतं."

गवंडीकाका बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "एक सांगा साहेब. अकरा वर्षांपूर्वीचं दुखणं लघवीच्या जागेचं. ते कंबरेत कसं चढलं? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पसरलं. पसरलं म्हणजे काय? पाणी आहे का ते?"

मास्तर स्टूल ओढून बसले. शिकवायला बसले की त्यांचा आवाज बदलायचा, तसा बदलला, फक्त त्यात नेहमीची मिजास नव्हती.

"पेशी एकमेकींना चिकटून असतात काका. त्यांच्या अंगावर एक प्रोटीन असतं, त्यानं शेजारणीला धरून ठेवतात. कॅन्सरची पेशी ते प्रोटीन बनवणं कमी करते. मग ती सुटते, आजूबाजूचं थोडं विरघळवते आणि रक्तात शिरते. रक्तात हजारो शिरतात, बहुतेक मरतात. उरलेल्या सगळीकडे फिरतात. पण हाडात एक वेगळी गोष्ट आहे. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी राहतात. त्यांना घरी बोलवायला मगज एक बारीकसा रेणू सोडत असतो. तो रेणू पकडायची जागा ज्या पेशीच्या अंगावर असेल, ती पेशी तिकडं ओढली जाते. ही प्रोस्टेटची पेशी तीच जागा आपल्या अंगावर उगवून घेते."

"म्हणजे दुसऱ्याला बोलावलं, आणि ही गेली."

"हो. जाते आणि मूळ पेशींच्या जागेवर बसते. नुसती बसत नाही, झोपते. पाच वर्षं, दहा वर्षं. कुठल्याही तपासणीत दिसत नाही. तुमची अकरा वर्षं झोपली होती."

लेक दाराशी उभी होती, ती आत आली. मास्तर पुढं सांगत होते. हाड म्हणजे मेलेला दगड नाही. त्यात रोज तोडणाऱ्या पेशी जुनं तोडतात आणि बांधणाऱ्या पेशी नवीन बांधतात. जागी झालेली कॅन्सरची पेशी बांधणाऱ्यांना निरोपामागून निरोप पाठवते, बांधा, बांधा. निरोप म्हणजे पुन्हा प्रोटीनंच. ते बांधत सुटतात. आणि हेच बांधणारे मग तोडणाऱ्यांना जागे करतात. जुन्या हाडात वाढीला लागणारी प्रोटीनं बंद करून ठेवलेली असतात. हाड तुटलं की ती सुटतात, कॅन्सरच्या पेशीला ते आयतं खाणं मिळतं. ती वाढते आणि आणखी निरोप पाठवते.

"एकदा लागलं की थांबत नाही ते," मास्तर म्हणाले. "एक्स-रेच्या फोटोत हाड पांढरंशुभ्र, घट्ट दिसतं. माणसाला वाटतं मजबूत आहे."

गवंडीकाकांनी परत भिंगाला डोळा लावला. "काय भिकार काम केलंय हो," ते म्हणाले. "माल ओतलाय नुसता, बांधणी कुठाय? ओळंबा नाही, थर नाही. असल्या भिंतीवर मी पोराला बसू दिलं नसतं." आणि हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "म्हणजे माझंच हाड निकृष्ट. तरी मी म्हणत होतो. तुम्हाला कशाला दोष."

मास्तर उठून उभे राहिले. "काका, हाड निकृष्ट असो नाहीतर काही असो, आम्हाला त्यातला डीएनए हवा होता. तुटलेला डीएनए सांधायची सोय पेशीत असते. काही लोकांच्या कॅन्सरमध्ये ते सांधणारं जनुकच बिघडलेलं असतं. तसं निघालं तर त्यावर गोळ्या आहेत, चांगल्या आहेत. तेच बघायचं होतं. तुमच्या तुकड्यात ते होतं. मी तो आम्लात टाकला. टाकू नये असं कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं. मी कागद वाचला नाही. तुम्ही हललात म्हणून काही झालं नाही. माझ्यामुळं झालं."

लेकीचं तोंड उघडंच राहिलं. मॅडम बाजूच्या खोलीत होत्या, त्यांनी ऐकलं असणार.

"वाचला का नाही?" गवंडीकाकांनी विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"माज," मास्तर म्हणाले. "दुसरं काही नाही. या बाई आहेत ना, या प्रत्येक कागद वाचतात. मी चार माणसांत त्यांना हसायचो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हीच वेळ होती. मी जीभ उचलली असती तर झालं असतं. मी साडीचा पदर सारखा केला.

गवंडीकाका काठीवर जोर देऊन उठले. "माझ्याही हातून एक जिना पडला होता," म्हणाले. "मालकाला सांगितलं नव्हतं मी. तुम्ही सांगितलंत." मग माझ्याकडं वळले. "दुसरा तुकडा देतो. पण तो या वाचणाऱ्या बाईंच्या हातात द्या."

लेकीनं जाता जाता माझा हात धरला. "ताई, तुम्ही लक्ष ठेवाल ना?" मी हो म्हटलं. त्या हातावर त्या क्षणी आम्ल पडलं असतं तरी मला कमीच वाटलं असतं.

दुसरी सुई घालायची तारीख मिळायला तीन आठवडे गेले. काडी आली ती मी सौम्य द्रावणात ठेवली, रोज द्रावण बदललं, पाच दिवस तिला डोळ्यांत तेल घालून जपलं. मास्तर माझ्या मागं उभे राहून बघायचे, बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. बाबा सकाळी उठायला गेले आणि पाय हलेनात. पाठीचा एक मणका, तसाच मालानं भरलेला आणि बांधणी नसलेला, आत खचला होता आणि त्याखाली मज्जारज्जू दबला होता. तातडीनं रेडिएशनचे शेक दिले. दुखणं कमी झालं, पण पायांत ताकद आली नाही.

तपासणीत जनुक बिघडलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि खरंच लागू पडल्या. रक्तातला कॅन्सरचा आकडा झरझर खाली आला. पहिल्या तुकड्यावर हेच कळलं असतं तर गोळ्या जवळजवळ दोन महिने आधी सुरू झाल्या असत्या, आणि मणका तगला असता का? मी एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तरीही खचला असता." हे वाक्य मी पुढं दीड वर्ष जपून वापरलं. लागलं की काढायचं आणि स्वतःला म्हणून दाखवायचं.

मास्तर बदलले. टाचणी त्यांनी टाकून दिली. प्रत्येक फॉर्म मोठ्यानं वाचायला लागले, तारखेसकट, नंबरासकट, सगळी खोली ऐकेल असा. शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "मी एका माणसाचे पाय घालवले, ते कसे ते ऐका." महिन्यातून एका रविवारी ते आणि काकू गवंडीकाकांकडे जाऊन बसायचे. परत येऊन मला सांगायचे, "वाचणाऱ्या बाईंना नमस्कार सांगितलाय." दर महिन्याला. मी मान डोलवायची. मी त्या घरी कधी गेले नाही.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी लॅबमध्ये छोटा समारंभ झाला. हार, फोटो, मॅडमचं भाषण. मास्तर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी परत तीच गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "बाईंसारखा कागद वाचला असता तर तो माणूस आज चालत असता. माझी जागा बाईंना मिळतेय, मला त्याचं समाधान आहे." टाळ्या पडल्या. मी हात जोडून त्या घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर ते मागच्या खोलीत आपल्या बरण्या शेवटच्या धूत होते. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. कागद मी वाचला होता. तुम्ही आम्ल घेताना मी बघत होते. मुद्दाम बोलले नाही. सोमवारच्या रागानं.

त्यांनी नळ बंद केला. पिवळी बोटं पुसली. मला वाटलं ओरडतील, मला ते हवंही होतं.

"अर्ध्या तासात वाचला असता तो," ते हळू म्हणाले.

"माहीत आहे."

"मी तुम्हाला हसलो होतो, त्याची शिक्षा मला देणं ठीक होतं बाई. मी समजू शकतो. पण त्या दिवशी ते इथं बसले होते. मी सांगितलं. तुम्ही शेजारी होतात." त्यांनी फडकं खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "मला कशाला सांगताय? माझे पाय शाबूत आहेत."

बरण्या तशाच ओल्या ठेवून ते निघून गेले. परत कधी माझ्याशी बोलले नाहीत. दोष त्यांना देत नाही.

पुढच्या रविवारी मी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारापर्यंत लाकडी उतार केलेला, चाकाच्या खुर्चीसाठी. लेकीनं दार उघडलं आणि आत वळून ओरडली, "बाबा, वाचणाऱ्या बाई आल्या!" आत गवंडीकाका पलंगावर उशीला टेकून बसले होते. वजन उतरलं होतं, पण चेहरा तरतरीत. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी उंबऱ्यातूनच परत फिरणार होते.

"किती दिवस म्हणतोय मास्तरांना, आणा एकदा त्यांना!" ते म्हणाले. "बसा, बसा. तुमच्यामुळं तर आहे मी."

लेक चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. मी खुर्चीच्या काठावर बसले आणि चहा येण्याआधी सगळं सांगून टाकलं. चहा प्यायल्यावर सांगणं मला जमलं नसतं. काही वगळलं नाही. घड्याळ बघत होते तेही सांगितलं. अर्ध्या डब्याचंही सांगितलं.

ते ऐकत होते. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. मग गेलं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, तिकडं बघत राहिले. आतून कपांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही."

त्यांनी खिडकीवरची नजर पायांकडे वळवली. म्हणाले, "हा पाय अवघडलाय. जरा उचलून त्या उशीवर ठेवा."

मी उठले. दोन्ही हातांनी टाच आणि पोटरी धरली. पाय गार होता, आणि वाटला होता त्याच्या दुप्पट जड. मी तो उचलून उशीवर ठेवला आणि हात मागं घेतले.

"दुसरा पण," ते म्हणाले.